कुंभळवाडीने नको म्हटलेला कारखाना

मेमरी चिप म्हणजे नेमकं काय, हे सयाजी उतेकरांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण ती बनवणारी कंपनी आपला कारखाना विकायला निघालीय हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्यांच्या घशाखाली आमटी-भात उतरेना. उज्वलाताईंनी विचारलं, "मीठ कमी आहे का?" सयाजी म्हणाले, "कारखाना विकतायत." उज्वलाताईंनी मिठाची बरणी पुढे सरकवली. नवऱ्याच्या उत्तराचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध असावा, ही अपेक्षा त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सोडली होती.

आता कोणी म्हणेल, कुठली तरी कंपनी कारखाना विकते, त्यात महाडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेल्या माणसाने जेवण टाकायचं कारण काय? पैसा स्वतःचा असता तर सयाजींनी टाकलंही नसतं. एकतीस वर्षं "गाडी येईल" असं लोकांना सांगून आणि गाडी न आलेली पाहून त्यांना एक प्रकारची विरक्ती आली होती. पण पैसा गावकीचा होता. कुंभळवाडीच्या गावकीचा. आणि त्या पैशाच्या पुढे एक पाइप होता, आणि पाइपाच्या टोकाला प्रयागकाकीचे गुडघे होते.

कुंभळवाडी म्हणजे पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला खाली दिसते ती चाळीस घरांची वाडी. घरं चाळीस, कुलपं बावीस, कारण निम्मा गाव मुंबईत. जो उरलाय तो पाण्यासाठी खालच्या झऱ्यावर जातो. 'तो जातो' म्हणायची पद्धत आहे, प्रत्यक्षात ती जाते. सयाजींची चुलती प्रयागकाकी वयाच्या बहात्तराव्या वर्षी दिवसाला तीन खेपा करत होती. समोरच्या डोंगरात दुसरा एक झरा आहे, वाडीपेक्षा उंचावर, बारमाही. तिथून पाइप टाकला तर मोटर नको, वीज नको, पाणी आपल्या पायाने दारात येईल. रस्ता रुंद झाला तेव्हा गावकीच्या सामाईक जागेचा एक तुकडा गेला होता, त्याची भरपाई आलेली होती. दोन लाख दहा हजार. बरोबर पाइपापुरती. सगळं जमलं होतं. फक्त पाइपाच्या वाटेत अडतीस मीटर जंगल येत होतं.

या अडतीस मीटरांनी दोन वर्षं खाल्ली. वनखात्याच्या कचेरीतून पहिलं पत्र आलं: पाइप जमिनीवरून नेणार की जमिनीखालून? गावकीने लिहिलं, वरून. उत्तर आलं, वरून नेल्यास वन्य प्राण्यांच्या हालचालीस अडथळा होईल. गावकीने लिहिलं, बरं, खालून. उत्तर आलं, खालून नेल्यास झाडांच्या मुळांस इजा पोहोचेल. सोमजाईच्या देवळात बैठक बसली. भागोजी, जो देवीचा पुजारी आणि गावकीचा म्होरक्या असा दोन्हीकडून मोठा माणूस, तो म्हणाला, "मंग मधनं नेतो म्हनून लिवा." तसं लिहिलं नाही एवढंच.

पैसा बँकेत पडून होता आणि खजिनदार होते सयाजी. शिमग्याला ऋत्विक गावी आला. हा सयाजींच्या चुलतभावाचा मुलगा, मुंबईत एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात कामाला. पालखी नाचवून घाम पुसता पुसता तो म्हणाला, "काका, बँकेत ठेवलेला पैसा दर साली बारीक होतो. नीलकंठ मेमरीचे शेअर घ्या. जगात फोन आहेत तोवर मेमरी लागणार. लोक फोटो काढायचे थांबणार आहेत का?" गावकीने मान वळवून पाहिलं. पालखीसमोर एकूण सतरा माणसं फोटो काढत होती. मुद्दा बिनतोड होता.

तरी कुंभळवाडीत कुठलीही मोठी गोष्ट देवीला विचारल्याशिवाय होत नाही. भागोजीने सोमजाईच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, हा कौल. उजवी पडली. शेअर घेतले. गावकीला पॅनकार्ड नव्हतं, देवीलाही नव्हतं, म्हणून ते सयाजींच्या नावावर घेतले. एकशे चाळीस शेअर. सगळ्या वाडीच्या वतीने आपण एका कारखान्याचे मालक झालो, या भावनेने सयाजींनी त्या आठवड्यात दोनदा दाढी केली.

पहिले चार महिने बरे गेले, आणि मग भागीदारीची बातमी आली. नीलकंठ मेमरीने कोरियाच्या कुठल्याशा बड्या कंपनीशी भागीदारी केली होती. कुंभळवाडीत हाहाकार उडाला. आपल्याकडे भागीदारी या शब्दाला एकच अर्थ: दोन भाऊ, एक वावर आणि महाडच्या कोर्टात तारीख. भागोजीने रेंजसाठी घाटरस्त्यावर चढून सयाजींना फोन केला आणि विचारलं, "अरे पन तुज्या त्या कंपनीला एकटीला जमत नव्हता काय?" आणि गंमत अशी की भाव वर गेला. ज्या गोष्टीने आपल्या दोन पिढ्या वकिलाच्या पायऱ्या चढतात, त्याच गोष्टीने तिथे शेअर चढतो, हे कोडं सयाजींना सुटलं नाही. ऋत्विकने समजावलं की कोरियावाल्यांकडे तंत्र आहे, आपल्याकडे जागा आणि माणसं आहेत, म्हणून बाजार खूश. सयाजी हूं हूं म्हणाले. एसटीतही वरिष्ठांचं परिपत्रक कळलं नाही की ते असंच हूं हूं म्हणायचे, आणि त्यावर त्यांची बढती झालेली होती.

मग आमटी-भाताचा दिवस उजाडला. कंपनी आपला कारखाना त्याच कोरियन भागीदाराला विकणार. बातमी आली त्या दिवशी शेअर एवढा घसरला की दोन लाख दहा हजारांतले जवळजवळ चाळीस हजार दुपारच्या जेवणापर्यंत गेले.

"काका, घाबरू नका," ऋत्विक फोनवर म्हणाला. "चिपचा कारखाना म्हणजे पैसे खाणारा राक्षस. दर तीन वर्षांनी नवी मशिनं लागतात. तो विकला की कर्ज फिटतं. कंपनी डिझाईन करणार, बनवणार दुसरा. बाजाराला आज कळत नाय, उद्या कळेल."

"कारखाना विकल्यावर कंपनी राहते कुठे?"

"ऑफिसात."

वावर विकून ऑफिसात बसलेला माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता आणि तो पुढे रिक्षा चालवत होता.

ते जिना उतरून खालच्या राजेशकडे गेले. राजेश एमआयडीसीत केमिकल कंपनीत स्टोअर्सला. त्याने आपल्या हयातीत तीन कारखाने विकलेले पाहिले होते आणि प्रत्येक वेळी तोच त्या कारखान्यात होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"उतेकर साहेब, भाव बिव बघू नका," राजेश म्हणाला. "कारखाना खरंच बुडणार असला ना, तर आधी कँटीन बंद होतं. पहिल्यांदा नाश्त्यातली उसळ जाते, मग नाश्ता जातो, मग चहा मशीनचा येतो. मशीनचा चहा आला की समजायचं, आता तीन महिने. तुम्ही फक्त विचारा, कँटीन चालू आहे का."

सल्ला फुकट होता आणि अनुभवाचा होता. सयाजींनी ऋत्विककडून कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाचा नंबर मिळवला, गळा साफ केला आणि महाड स्थानकात एकतीस वर्षं कर्ण्यातून गाजलेल्या आवाजात म्हणाले, "मी आपला समभागधारक, महाडहून बोलतोय. कँटीन चालू आहे का?"

पलीकडची मुलगी गोड होती. ती म्हणाली, तिमाही निकालाची माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

"ते असू दे. नाश्त्याला उसळ असते का?"

मुलीने विचारलं, "सर, आपण केटरिंगच्या टेंडरसाठी फोन केलाय का?" आणि तिने फोन दुसरीकडे जोडून दिला. तिथल्या गृहस्थाने सयाजींकडे अडीचशे माणसांच्या जेवणाचा दर मागितला. सयाजींनी, रीत म्हणून, विचार करून कळवतो असं सांगितलं. उज्वलाताई आतून सगळं ऐकत होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "अडीचशे माणसं जेवतायत म्हणजे कँटीन चालू आहे." हा निष्कर्ष बरोबर होता म्हणूनच सयाजींना तो जास्त लागला.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं आणि सयाजींचा कणा पुन्हा ताठ झाला. त्यात लिहिलं होतं की कारखाना विकण्यासाठी समभागधारकांची संमती आवश्यक असून त्यांनी आपलं मत ऑनलाइन नोंदवावं.

हे वाचून सयाजींची जी समजूत झाली, ती झाली नसती तर पुढचं काही घडलं नसतं. पण पोलादपुरात वाढलेल्या माणसाची दुसरी काय समजूत होणार? आपल्याकडे सामाईक जमीन विकायची तर सातबाऱ्यावरच्या एकूण एक हिस्सेदाराची सही लागते. एकाने नाही म्हटलं की विषय संपला. कुंभळवाडीचंच एक शेत बडोद्याला गेलेल्या एका हिस्सेदाराच्या सहीवाचून एकोणीस वर्षं अडलेलं होतं. त्याचा वाटा किती, तर दीड गुंठा. पण तो सुटीत गावी आला की लोक त्याला खुर्ची देत. सयाजींनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि उज्वलाताईंना सांगितलं, "आपण सही दिली नाही तर कारखाना जागचा हलत नाही."

"मग नका देऊ," उज्वलाताई म्हणाल्या, "आणि येताना कोथिंबीर आणा."

पण सही एकट्या सयाजींची कुठे होती? मालक गावकी. म्हणून रविवारी कुंभळवाडीत बैठक, आणि बैठकीत ठरलं की देवीला विचारायचं. प्रयागकाकी पहाटे झऱ्यावर जाऊन देवीच्या आंघोळीचं पाणी घेऊन आली. ही जुनी रीत. कौलाआधी देवीला खालच्या झऱ्याचंच पाणी लागतं आणि ते काकीच आणते. हंडा ठेवून ती पायरीवर गुडघे चोळत बसली आणि म्हणाली, "सयाजी, त्या कारखान्याचा काय पन होवदे. माजा पाइप कवा येतोय तेवडा सांग."

"त्याचंच चाललंय काकी."

"दोन वरसा त्याचंच चाललंय रे."

कौलाला उशीर झाला, कारण प्रश्न काय विचारायचा यावर एकमत होईना. कारखाना विकावा का, असं विचारलं आणि उजवा पडला तर होय. पण विरोध करावा का, असं विचारलं तर उजवा म्हणजे विकायचा नाही. एक जण म्हणाला, देवीला सरळ मताची दोन्ही बटणं सांगा आणि तिला ठरवू दे. शेवटी भागोजीने हात जोडले. "आई सोमजाई, तुजी लेकरा तुज्या दारात उभी हायत. कोरियाचा पावना आपला कारखाना मागतोय. त्याला देवचा काय नाय, तो तू सांग. मत ऑनलाइन हाय, पाच वाजंपर्यंत मुदत हाय, तेवडा ध्यानात घे."

बराच वेळ काही पडेना. मग डावी कळी पडली. कारखाना विकायचा नाही.

आता फक्त देवीचं म्हणणं कंपनीला कळवायचं राहिलं होतं. वाडीत रेंज नाही. रेंज मिळते ती वर घाटरस्त्याच्या दुसऱ्या वळणावर, कठड्यापाशी, तेही डाव्या कानाला. मुदत त्याच दिवशीची होती, म्हणून दुपारीच सयाजी तिथे गेले. साक्षीला सगळी गावकी गेली, कारण सामाईक सही चार माणसांदेखत व्हावी असा दंडक आहे. ऋत्विक मुंबईला कॉम्प्युटरसमोर बसला होता. तो म्हणाला, "काका, तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर येईल, तो मला सांगा."

नंबर आला. तो बघायला सयाजींनी फोन कानावरून काढला आणि डोळ्यांसमोर धरला. रेंज गेली. फोन कट झाला. पुन्हा लावला. "काका, तो नंबर मेला. दुसरा पाठवतो." दुसरा आला तेव्हा भागोजी म्हणाला, तू कानाला धर, मी खालून वाचतो. भागोजीचा चष्मा देवळात. तिसऱ्या वेळी महाबळेश्वरला निघालेली एक गाडी थांबली. कठड्याशी चौदा माणसं दरीकडे तोंड करून उभी पाहून त्यांना वाटलं कोणी तरी खाली पडलंय. गाडीतल्या बाईंनी काळजीने विचारलं, "किती जण होते हो?" एकाने सांगितलं, "एकशे चाळीस." बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांची समजूत घालेपर्यंत तिसराही नंबर मेला.

चौथ्याला जमलं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"काका, बाजूने टाकू ना? ऐका माझं, हे विकणं फायद्याचं आहे."

"विरोधात."

"अहो काका..."

"कौल आहे ऋत्विक. विरोधात टाक."

घाट उतरताना सगळ्यांच्या चालीत एक रुबाब होता. आज कोरियाची एक मोठी कंपनी कुंभळवाडीच्या हिस्सेदारांनी अडवून धरली होती. भागोजी म्हणाला, "आता येतील बघ आपल्या दारात. चा करूचा लागंल."

दोन दिवसांनी निकाल आला. बाजूने अकरा कोटी आणि वर काही लाख मतं. विरोधात सहा हजार तीनशे बारा. सयाजींनी तो कागद राजेशच्या स्टोअर्समधून छापून आणला आणि सहा हजार तीनशे बारा या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसले. शेअरमागे एक मत, म्हणजे त्यातले एकशे चाळीस आपले. बाकीच्या सहा हजारांना कोणाकोणाच्या देवांनी सांगितलं असेल, कोण जाणे. एकोणीस वर्षं दीड गुंठ्याने अडतं आणि इथे दोन दिवस अडलं नाही. सयाजींना आपण म्हातारे झालो असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आणि भाव चढला. ऋत्विक म्हणाला तसंच झालं. कर्ज फिटणार म्हटल्यावर बाजाराला एकदम अक्कल आली आणि गावकीचे गेलेले चाळीस हजार परत येऊन वर पस्तीस हजार जास्त झाले. त्याच आठवड्यात वनखात्याची परवानगीही आली, जमिनीखालून, मुळांना इजा न करता, नव्वद दिवसांत काम सुरू न झाल्यास परवानगी आपोआप रद्द समजावी. पत्रावरची तारीख बावन्न दिवसांपूर्वीची होती. पत्र महाडहून पोलादपूरला यायला बावन्न दिवस लागले होते. चालत आलं असतं तर पहिल्याच दिवशी पोचलं असतं.

तरी अडतीस दिवस हातात होते आणि पैसा पाइपाला पुरून उरत होता. सयाजी हलक्या मनाने बैठकीला गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चांगली बातमी वेळेवर सांगायची होती.

बातमी ऐकून भागोजी म्हणाला, "ह्यो पैसा आपल्याला चालंल काय?"

"म्हणजे?"

"देवीनं विकू नको म्हनून सांगितलेला कारखाना विकला. त्याचा ह्यो फायदा. देवीनं नको म्हटलेल्या पैशाचा पानी वाडीत आनायचा? उद्या पोरा आजारी पडली तर जबाबदार कोन?"

सयाजींनी समजावलं की आपण विरोध केला होता, आपले हात धुतलेले आहेत. दुसरा एक जण म्हणाला, मुद्दल घेऊ, फायदा सोडू. तिसऱ्याने विचारलं, सोडायचा म्हणजे कोणाकडे, कोरियाला? बराच खल होऊन ठरलं की पुन्हा कौल लावायचा. मंगळवारी.

मंगळवारी लागला नाही. सोमवारी विरारला भावकीतले एक आजोबा वारले आणि सगळ्या वाडीला दहा दिवसांचं सुतक आलं. सुतक फिटलं त्याच दुपारी डोंबिवलीत भावकीतल्या एका सुनेला मुलगा झाला आणि दहा दिवसांचं सोयर लागलं. आनंदाची गोष्ट होती, पेढेही आले, पण देवळाचं दार बंदच राहिलं. तिकडे भाव रोज थोडाथोडा उतरत होता. ऋत्विकचा फोन आला की सयाजी फक्त म्हणत, "सोयर आहे." मुंबईच्या शेअर बाजारात हे कारण याआधी कोणी दिलं नसावं. राजेश म्हणाला, विकून टाका, नंतर सांगा. उज्वलाताई म्हणाल्या, तुमचं नाव आहे ना त्या कागदावर? होतं. पण पैसा गावकीचा, आणि गावकीला न विचारता त्याला हात लावायचा म्हणजे उद्या गावात कोणत्या तोंडाने जायचं? सयाजी दमले होते. रात्री नाही, भर दुपारी दमले होते, पंख्याखाली बसून.

परवानगीचे बारा दिवस उरले तेव्हा शुक्रवार सापडला. सकाळी आठला देवळात चौदा पुरुष जमले. भागोजीने कळ्या खुडून ठेवल्या होत्या. फुलं होती, उदबत्ती होती, पाणी नव्हतं. प्रयागकाकी पायरीवर बसली होती आणि तिचा हंडा शेजारी उपडा पडला होता.

"काकी, पानी?" भागोजीने विचारलं.

"झऱ्यावर हाय."

"आनलं नाय?"

"गुडघ्यांना इचारलं," प्रयागकाकी म्हणाली. "दोनी गुडघ्यांनी डावा कौल दिला."

भागोजीने इकडेतिकडे पाहिलं. बाया आपापल्या दारांत उभ्या होत्या. एकीनेही कमरेला पदर खोचला नाही. शेवटी तो म्हणाला, बरं, एक जण जाऊन हंडा घेऊन या.

"एक कसा?" काकी म्हणाली. "इचारनार चौदा जनं. परतेकानं आपापला पानी आनावा. तवा देवी परतेकाचा ऐकंल."

हा नियम कुठल्या पोथीत आहे, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. चौदा पुरुष चौदा घरांतून चौदा हंडे मागून घेऊन निघाले.

उतरताना बोलणं चालू होतं. कोरियावर, पावसावर, दीड गुंठेवाल्यावर. झऱ्याशी हंडे भरले आणि बोलणं संपलं. भरलेला हंडा खांद्यावर राहत नाही हे सयाजींना दहाव्या पावलाला कळलं, आणि डोक्यावर तर मुळीच राहत नाही हे पंधराव्याला. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरत होतं. पहिल्या वळणाला भागोजी दगडावर बसला. त्याची छाती भात्यासारखी हलत होती. तिथून वर वाडी दिसत होती आणि जवळ येत नव्हती.

"दिसाला किती खेपा करतात रे बाया?" भागोजीने विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

सयाजींना लाज वाटली. सरळ, साधी लाज. दोन वर्षं आपण पत्रं लिहिली, कँटीनची चौकशी केली, घाटात उभं राहून आकडे वाचले, आणि या वाटेवर एकदाही हंडा घेऊन चाललो नाही. शेअर घसरला त्या दिवशी आपल्याला जेवण गेलं नाही. काकी त्या दिवशीही तीन वेळा इथून चढली असणार.

वर पोचले ते अर्ध्याहून कमी पाण्याचे चौदा हंडे आणि बोलू न शकणारे चौदा पुरुष. भागोजीने देवीला आंघोळ घातली. कळ्या हातात घेतल्या. "आई..." तो म्हणाला आणि पुढचा श्वास येईना. मग त्याने देवीच्या तोंडाकडे पाहिलं, मागे वळून गावकीकडे पाहिलं. प्रश्न काय, ते कोणी सुचवलं नाही. भागोजीने दोन्ही कळ्या खांद्यांवर न लावता पायाशी ठेवल्या आणि खाली बसला.

"उरलेला पानी माज्या घरात ठेव रे," प्रयागकाकी सयाजींना म्हणाली. "सकाळपासनं घरात थेंब नाय. चा पन केला नाय."

सयाजींनी हंडा तिच्या चुलीपाशी नेऊन ठेवला. मग ओल्या सदऱ्याने तसेच घाटरस्त्याला चढले, दुसऱ्या वळणावर, कठड्यापाशी. फोन डाव्या कानाला लावला.

"वीक," ते म्हणाले.

"काका, आज नको, आज बाजार पडलाय, जेमतेम मुद्दल सुटेल," ऋत्विक म्हणाला. "सोमवारपर्यंत थांबा, नव्या भागीदारीची बातमी येतेय. काय कौल पडला? देवीनं काय सांगितलं?"

सयाजींनी खाली पाहिलं. प्रयागकाकीच्या कौलांतून धूर निघत होता.

"तिला विचारायचं तर आधी पाणी वर आणावं लागतं रे," ते म्हणाले. "वीक तू."